कुलूपबंद हॉलचे वय

महाविद्यालयाचा बास्केटबॉल हॉल तीस-चाळीस वर्षांचा झाला, पत्रे गळू लागले आणि रिंग वाकल्या, की संस्थेच्या बैठकीत हमखास दोन पक्ष पडतात. एकाला तो पाडून ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचे’ क्रीडागृह हवे असते. दुसरा म्हणतो, या वास्तूने विद्यापीठाला खेळाडू दिले, तिला धक्का लावू नका, डागडुजी करा. पहिल्याच्या हातात वास्तुविशारदाने काढलेले रंगीत चित्र असते, दुसऱ्याकडे जुने फोटो आणि करंडक. वाद रंगतो, ठराव होतो, आणि हॉल आणखी पाच वर्षे कुलपात राहतो.

हे दोन्ही पक्ष मला सारखेच उथळ वाटतात, कारण दोघांचीही नजर इमारतीवर आहे. त्या इमारतीत आठवड्याला किती तास चेंडू आपटतो आणि त्या तासांचा खर्च कोण भरतो, हे दोघेही विचारत नाहीत. माझे म्हणणे असे: आपली क्रीडागृहे वयामुळे मोडकळीस येत नाहीत. बांधायला एकदा भरघोस पैसा आणि चालवायला जवळजवळ काही नाही, या व्यवस्थेमुळे ती मोडकळीस येतात. व्यवस्था तीच ठेवून नवे बांधले तर पंधरा वर्षांनी तोच हॉल, तीच गळती आणि तीच बैठक. नूतनीकरण की पुनर्बांधणी हा प्रश्न खरा आहे, पण त्याचा क्रमांक तिसरा. त्याआधी खेळाच्या तासांचा आणि वार्षिक खर्चाचा हिशेब सुटला पाहिजे.

हा वाद बिडकीनच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना लागणारे हे गाव आता ‘ऑरिक’ या औद्योगिक शहराचा मोठा भाग झाले आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातल्या बिडकीन क्षेत्राचे २९ सप्टेंबर २०२४ रोजी लोकार्पण झाले; क्षेत्रफळ ७,८५५ एकर. टोयोटा किर्लोस्कर, एथर, जेएसडब्ल्यू अशा कंपन्यांचे प्रकल्प तिथे जाहीर झाले आहेत. म्हणजे एका बाजूला वय झालेल्या सुविधांचे जुने शहर आणि दुसऱ्या बाजूला रस्ते-दिवे आखलेली मोकळी जमीन. अशा ठिकाणी ‘जुने सोडा, तिकडे भव्य बांधू’ हा मोह होणारच. तो होण्याआधीच विचार केलेला बरा.

१. ‘जुने’ म्हणजे नेमके काय जुने?

इमारत एकसंध म्हातारी होत नाही. तिच्या प्रत्येक भागाचे आयुष्य वेगळे असते. काँक्रीटचा किंवा पोलादाचा सांगाडा, म्हणजे खांब, तुळया आणि लोखंडी कैच्या, नीट राखला तर पन्नास-साठ वर्षे सहज टिकतो. छपराचे पत्रे आणि पन्हळी वीस-पंचवीस वर्षांत बदलाव्या लागतात. वीजजोडणी आणि दिवे त्याआधीच कालबाह्य होतात. नळ, संडास, दारे-खिडक्या तर वापर सुरू झाल्यापासूनच दुरुस्ती मागू लागतात. कोर्टाच्या पृष्ठभागाचे आणखी वेगळे: लाकडी फरशी घासून-पॉलिश करून पुन्हा पुन्हा वापरता येते, पण तिच्यावर एक पावसाळा पाणी ठिबकले तर ती फुगते आणि संपते. गळक्या छपराखाली मेपलची फरशी घालणाऱ्या संस्थेला दोन वर्षांत दोन्ही बदलावे लागतात.

म्हणून ‘हॉल जुना झाला’ या वाक्याला अभियांत्रिकीच्या दृष्टीने अर्थ नाही. बहुतेक वेळा म्हातारी झालेली असते ती कातडी; हाडे शाबूत असतात. मुंबईच्या खाऱ्या हवेत क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरून सळया खातात. संभाजीनगर-पैठण पट्ट्यातल्या कोरड्या हवेत तो त्रास नाही. इथला शत्रू साधा आहे: तुंबलेली पन्हळ, त्यातून भिंतीत झिरपणारे पाणी, आणि मग गंजून फुगलेली सळई. हे वाचवायला फार मोठे तंत्र लागत नाही. मे महिन्यात शिडी लावून एक माणूस वर चढावा लागतो.

खेळाचे नियम बदलतात तेव्हाही हॉल ‘जुना’ ठरवला जातो. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने २०१० मध्ये तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर नेली आणि रिंगखालचा समलंब पट्टा आयताकृती केला. जिथे त्यानंतर कोर्ट रंगवले गेले नाही तिथे मुले आजही जुन्या रेषेवरून नेमबाजी शिकतात आणि स्पर्धेत गेल्यावर अर्ध्या मीटरने चुकतात. यावर उपाय रंगाचा डबा आणि मोजपट्टी. पण ‘आमचे कोर्ट आंतरराष्ट्रीय निकषांत बसत नाही’ असे एकदा अहवालात आले, की हेच वाक्य नव्या इमारतीच्या प्रस्तावाची पहिली ओळ होऊ शकते.

पाडणेच योग्य, अशी प्रकरणेही असतात आणि ती ओळखायला भावना नको, चाचण्या हव्यात. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, सळईच्या गंजाची अर्धसेल चाचणी, काँक्रीटचे नमुने: हे सगळे स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये येते. मराठवाड्यात आणखी एक गोष्ट तपासलीच पाहिजे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. भूकंपात काँक्रीटच्या सांगाड्याने लवचीकपणे वाकावे म्हणून सळयांची मांडणी कशी असावी, हे सांगणारे आयएस १३९२० हे मानकही १९९३ चेच. त्याआधी बांधलेल्या हॉलमध्ये ही मांडणी असेलच असे नाही. ज्या छपराखाली शेकडो मुले जमतात तिथे हा प्रश्न टाळून केलेली रंगरंगोटी धोक्याची आहे. दुसरी खरी मर्यादा उंचीची: बास्केटबॉलला कोर्टावर किमान सात मीटर मोकळी उंची लागते, आणि २८ गुणिले १५ मीटरच्या कोर्टाभोवती चारही बाजूंनी दोन मीटर मोकळी जागा. टेबल टेनिससाठी बांधलेल्या हॉलमध्ये मागाहून रिंग ठोकली असेल तर ती इमारत कितीही नवी असो, बास्केटबॉलची नाही. या दोन कारणांनी पाडा, खुशाल पाडा. एरवी ‘निर्लेखन’ हा शब्द बैठकीत उच्चारण्याआधी ऑडिटचा कागद टेबलावर ठेवावा.

२. पैसा कोणत्या दाराने येतो

आता गाभ्याकडे येऊ. जी इमारत दुरुस्त होऊ शकते ती पाडण्याची ओढ इतकी का असते? कारण आपल्याकडे पैसा भांडवली दाराने येतो; चालू खर्चाचे दार जवळजवळ बंद असते.

राज्याच्या क्रीडा संकुल योजनेत तालुका, जिल्हा आणि विभाग अशा तीन पातळ्या आहेत. २०२२ मध्ये शासनाने अनुदानाची मर्यादा वाढवली: तालुक्याला १ कोटीवरून ५ कोटी, जिल्ह्याला ८ वरून २५ कोटी, विभागाला २४ वरून ५० कोटी. वाढ स्वागतार्ह. पण हे आकडे बांधण्याचे आहेत. तालुका संकुलाचा रखवालदार, झाडूवाला, वीजबिल, जाळ्या, चेंडू यांसाठी समितीने ‘उत्पन्नाचे स्रोत’ शोधावेत अशी अपेक्षा असते. मग त्या स्रोतांपायी दर्शनी बाजूला दुकानगाळे निघतात, मैदान लग्नाला आणि प्रदर्शनाला जाते. महाविद्यालयांचे चित्र फार वेगळे नाही. अनुदानित महाविद्यालयात शासन प्रामुख्याने पगार देते. वेतनेतर अनुदान हा प्राचार्यांच्या कायमच्या तक्रारीचा विषय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पंचवार्षिक योजना असोत की २०१३ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान, ज्यातून इमारती उभ्या राहिल्या त्या योजनांत दहाव्या वर्षीच्या वॉटरप्रूफिंगची शाश्वती नव्हती.

अशा रचनेत संस्थाचालकाने शहाणपणाने वागायचे ठरवले तरी तो काय करेल? दरवर्षी चार लाख खर्चून छप्पर राखावे, तर ते चार लाख त्याला स्वतःच्या खिशातून, म्हणजे मुलांच्या शुल्कातून, काढावे लागतात. छप्पर पडू दिले, तर पंधरा वर्षांनी पाच कोटींचा प्रस्ताव करता येतो. पडझडीला बक्षीस आणि देखभालीला दंड, असा हा हिशेब. यात कोणी भ्रष्ट असण्याचीही गरज नाही. प्रामाणिक माणसेही या रचनेत इमारती सडवतील. शिवाय भूमिपूजनाला मंत्री येतात, कोनशिला बसते. पन्हळ साफ केल्याची कोनशिला कोणी बसवत नाही.

किती पैसा लागतो, याचा ठोकताळा जगाला माहीत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९० मध्ये सार्वजनिक इमारतींबाबत सुचवले होते की, इमारत आज नव्याने बांधायला जेवढा खर्च येईल त्याच्या २ ते ४ टक्के रक्कम दरवर्षी देखभाल-दुरुस्तीवर खर्च व्हावी. आपल्या आकड्यांत बसवून पाहा. ५ कोटींच्या तालुका संकुलाला वर्षाला किमान १० लाख. ५० कोटींच्या विभागीय संकुलाला किमान १ कोटी.

आता संभाजीनगरचीच एक घटना या आकड्याशेजारी ठेवू. गारखेड्यातल्या विभागीय क्रीडा संकुलाच्या बँक खात्यातून २१ कोटी ५९ लाखांहून अधिक रक्कम इंटरनेट बँकिंगद्वारे वळवल्याचा गुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये नोंदला गेला. आरोप एका कंत्राटी कर्मचाऱ्यावर आहे आणि निकाल न्यायालय देईल. वर्तमानपत्रांनी महागड्या गाड्या आणि सदनिका यांच्या बातम्या रंगवल्या. मला त्यात वेगळेच काही दिसते. विभागीय संकुलाला वर्षाला १ कोटी धरले तर ही रक्कम एकवीस वर्षांच्या देखभालीची आहे. एवढा पैसा महिनोन्‌महिने खात्यातून जातो आणि मैदानावर कोणालाही काही कमी पडल्यासारखे वाटत नाही, याचा अर्थ त्या पैशाचा मैदानाशी रोजचा संबंधच नव्हता. दिवे, पाणी, फरशी, प्रशिक्षक यांसाठी दर महिन्याला पैसा निघत असता तर तिसऱ्याच महिन्यात कोणीतरी बिल घेऊन ओरडले असते. पडून असलेल्या रकमेवर पहारा लेखापरीक्षकाचा असतो, आणि तो वर्षातून एकदा येतो.

३. वानखेडे का बांधले गेले

जुने सोडून नवे बांधण्यामागे खरोखर वय असते का, हे पाहायला महाराष्ट्रातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घ्यावे. मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ चे. सत्तरच्या दशकात त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर वानखेडे उभे राहिले, तेही सुमारे तेरा महिन्यांत, आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे कसोटी झाली. ब्रेबॉर्न तेव्हा जेमतेम सदतीस वर्षांचे होते आणि पडायला आलेले नव्हते. भांडण होते क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट संघटना यांच्यात, सामन्याच्या तिकिटांच्या वाट्यावरून. पुढे काय झाले? २००९ मध्ये ब्रेबॉर्नवर पुन्हा कसोटी झाली आणि सेहवागने श्रीलंकेविरुद्ध २९३ धावा काढल्या. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामातले सामने तिथे खेळले गेले. ‘मागे पडलेले’ मैदान जिवंत राहिले, कारण क्लबच्या सभासदांनी ते रोज वापरले आणि राखले. वानखेडेला मात्र २०११ च्या विश्वचषकासाठी मोठ्या नूतनीकरणातून जावे लागले आणि आसने कमी करावी लागली.

नागपूरची गोष्ट थोडी वेगळी, पण बिडकीनला जास्त जवळची. विदर्भ क्रिकेट संघटनेने २००८ मध्ये सिव्हिल लाइन्समधल्या मैदानावरून आंतरराष्ट्रीय सामने शहराबाहेर वर्धा रस्त्यावरच्या जामठ्याला नेले. मैदान उत्तम, सोयी उत्तम. पण कसोटीच्या दिवशी शहरातल्या मुलाने सायकल काढून जावे अशी ती जागा नाही. क्रिकेटला दूरचित्रवाणीचा पैसा आहे, त्यामुळे रिकाम्या खुर्च्या परवडतात. महाविद्यालयीन बास्केटबॉलला तो आधार नाही.

४. प्रेक्षागृह कोणासाठी?

‘अरेना’ हा शब्द आपण अमेरिकेकडून उचलला, त्याबरोबर त्याचे अर्थशास्त्र आले नाही. तिथे केंटकी किंवा नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा बास्केटबॉल हा तिकीट, देणगी आणि प्रसारण यांवर चालणारा व्यवसाय आहे. वीस हजारांच्या आसपास आसने भरतात, म्हणून पाडायचे की सुधारायचे हा वाद तिथे कोट्यवधी डॉलरचा होतो. तरीही बटलर विद्यापीठाने १९२८ चे हिंकल फील्डहाउस पाडले नाही. २०१४ मध्ये नूतनीकरण पूर्ण केले आणि आसने कमीच केली. ड्यूकचे कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम १९४० चे, नऊ हजारांच्या आसपास क्षमतेचे, आजही तिथेच.

आपल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्याला प्रेक्षक कोण असतात? पुढच्या सामन्याचा संघ, त्यांचे क्रीडा संचालक, बाकावर ठेवलेल्या बॅगा. हे वाईट नाही, पण या प्रेक्षकांसाठी दोन हजार खुर्च्यांची गॅलरी बांधणे म्हणजे खर्चाचा मोठा वाटा न वापरल्या जाणाऱ्या काँक्रीटमध्ये ओतणे. गॅलरी आली की व्हीआयपी प्रवेशद्वार येते, त्याच्यामागे वातानुकूलन. वीजबिल वाढले की हॉल बंद ठेवणे स्वस्त पडते, आणि बंद ठेवलेला हॉल परीक्षा, मतमोजणी, उत्तरपत्रिका तपासणी यांना देता येतो. आपल्याकडचे क्रीडागृह कोठार होते ते असे, पायरी पायरीने, कोणीही वाईट हेतू न धरता.

साधा हिशेब मांडतो. हॉल सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ९ असा आठवड्यातून सहा दिवस उघडा राहिला तर आठवड्याचे ४२ तास होतात. वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर १,६८० तास. देखभालीचे १० लाख त्यावर वाटले तर तासाला सुमारे ६०० रुपये, आणि कोर्टावर वीस मुले असतील तर मुलामागे ३० रुपये. तोच हॉल आठवड्याला सहा तास उघडला तर वर्षाचे २४० तास, आणि तासाचा खर्च ४,१०० रुपयांच्या पुढे. इमारत तीच, खर्च तोच. पहिल्या बाबतीत ती स्वस्त, दुसऱ्या बाबतीत उधळपट्टी. नूतनीकरण ‘परवडते’ की नाही याचे उत्तर ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात नाही. ते उघडण्याच्या वेळापत्रकात आहे.

५. मग बिडकीनला काय हवे?

बिडकीनला पाडायला जुने क्रीडागृह नाही, ही त्याची संधी आहे. मार्च ते जून इथल्या उघड्या कोर्टावर सकाळी नऊनंतर उभे राहवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सिमेंटचा कोबा निसरडा होतो. म्हणजे वर्षाचा मोठा भाग हवामान खाते. यावर तोडगा म्हणून बंदिस्त हॉल सुचवला जातो, पण पत्र्याची पेटी उन्हाळ्यात भट्टी होते आणि मग वातानुकूलनाची मागणी येते.

फिलिपिन्सकडे पाहावे. तो श्रीमंत देश नाही, पण बास्केटबॉलवेडा आहे. तिथल्या वस्त्यावस्त्यांत बरांगाय या सर्वांत छोट्या प्रशासकीय घटकाचे झाकलेले कोर्ट दिसते: उंच खांब, वर पत्र्याचे छप्पर, भिंती नाहीत. संध्याकाळी सामने, सकाळी शाळेची कवायत, वादळात निवाऱ्याची जागा, गावाच्या सभाही तिथेच. याच देशाने २०२३ च्या विश्वचषकाच्या पहिल्या दिवशी ३८,११५ प्रेक्षक जमवून त्या स्पर्धेचा विक्रम केला. प्रचंड अरेना भरले, कारण त्याआधी हजारो साध्या छपरांखाली लोक हा खेळ खेळत होते. हा क्रम उलटा करता येत नाही.

बिडकीनसाठी माझी कल्पना अशीच आहे. नऊ मीटर उंचीचे, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल असे छप्पर, त्याखाली एकाला एक लागून दोन कोर्ट, सिंथेटिक पृष्ठभाग, छपरात पारदर्शक पत्र्यांच्या पट्ट्या, म्हणजे दिवसा दिवे नकोत, पावसाचे पाणी साठवणारी टाकी. जायकवाडी धरण जवळ असूनही या पट्ट्याला टँकरची सवय आहे, हे विसरू नये. आणि दारापाशी, शेवटी नव्हे तर आराखड्यात सर्वांत आधी, मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली, पाणी असलेले स्वच्छतागृह आणि बसथांब्यापर्यंत दिवे. महाविद्यालयीन मुलींचा संघ बहुतेकदा खेळाच्या आवडीअभावी फुटत नाही. सरावानंतर घरी पोहोचायचे कसे, यावर तो फुटतो. सराव करायचा तर संभाजीनगरला, म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटर एका बाजूला, आणि संध्याकाळी सातनंतर परत. मुलगा मित्राच्या मोटारसायकलवर येतो. मुलीने त्याच वेळी एसटीची वाट पाहायची, घरी फोनवर उत्तरे द्यायची, आणि असे दोन-तीनदा झाले की वडील शांतपणे सांगतात, पुरे झाले. तिच्यासाठी शहरातला पाच हजार क्षमतेचा हॉल असून नसल्यासारखा आहे. गावातले चालत जाण्याजोगे, दिवे असलेले छप्पर तिला चार वर्षे खेळात ठेवील.

पैशासाठी लोक ऑरिकमधल्या कंपन्यांच्या सीएसआरकडे, म्हणजे सामाजिक दायित्वाच्या निधीकडे, बोट दाखवतील. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची ७ मध्ये ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाला जागा आहे, त्यामुळे कायदेशीर अडचण नाही. पण सीएसआरमध्ये ‘चालू प्रकल्पा’ची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून तीन आर्थिक वर्षे. छपराचे आयुष्य पंचवीस वर्षे. म्हणजे कंपनी छप्पर देईल, फलक लावील आणि चौथ्या वर्षी हिशेब बंद करील. त्यात कंपनीचा दोष नाही. नियमच तसा आहे. म्हणून बांधकामाइतकाच महत्त्वाचा दुसरा करार हवा: कोर्ट चालवणाऱ्या संस्थेने आणि नगरविकास यंत्रणेने वार्षिक खर्च आधी ठरवून बांधून घ्यावा, आणि कंपन्यांच्या कामगार संघांनी सराव-शुल्क भरून संध्याकाळचे तास भाड्याने घ्यावेत. कामाच्या पाळीनंतर खेळणारे शेकडो तरुण कामगार तिथे येणार आहेत. हॉल जिवंत ठेवायला त्यांच्याइतका खात्रीचा ग्राहक महाविद्यालयालाही मिळणार नाही.

६. आक्षेप

पहिला आक्षेप: सोयींशिवाय खेळाडू घडत नाहीत. अर्धे खरे. मुंबईच्या नागपाड्यात, १९२७ साली सुरू झालेल्या नागपाडा नेबरहुड हाउसच्या परिसरात आणि मस्तान तलावाच्या वायएमसीए मैदानावर, दाट वस्तीतल्या उघड्या कोर्टांवर भारताचे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलपटू घडले; अर्जुन पुरस्कार मिळवणारे, भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर तिथलेच. तिथे आसने नव्हती. रोज संध्याकाळी कोर्ट उघडे होते आणि वरच्या वयाचा खेळाडू धाकट्याला शिकवत होता. सोय लागते, पण जी रोज मिळते तीच सोय.

दुसरा: जुन्याला चिकटून राहणे हा भावनिकपणा आहे. मान्य. ‘आमच्या काळातला हॉल’ हे राखण्याचे कारण होऊ शकत नाही. कोल्हापूरचे खासबाग मैदान राखावे, कारण शाहू महाराजांनी रोमचे कलोझियम पाहून उभारलेला तो खोलगट आखाडा कुस्तीसाठी आजही चालतो: मातीच्या उतारावर बसलेल्या शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. रचनाच चांगली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा मैदानाचा मंचही जळाला. हानी झाल्यावर लोकांनी पुन्हा उभारणीची मागणी केली ती स्मृतीसाठी आणि वापरासाठीही. बहुतेक महाविद्यालयीन हॉलांत असे स्थापत्य नसते. ते पाडायला हरकत नाही, फक्त पाडण्याचे कारण खरे असावे.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड, आणि त्याला टाळून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. कोणी म्हणेल, पुण्या-मुंबईला भव्य संकुले आणि मराठवाड्याला पत्र्याचे छप्पर, हा तुमचा न्याय? १९८४ च्या दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष मोजला, १९९४ मध्ये वैधानिक मंडळे आली, आणि तरी काय झाले? आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ संभाजीनगरजवळ करोडीला होणार म्हणून जाहीर झाले आणि २०२० मध्ये सरकारने ते पुण्याच्या बालेवाडीला करायचे ठरवले. बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांपासूनचे संकुल आधीच आहे. २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांच्या वेळी त्यावर पुन्हा पैसा लागला. आता आम्ही साधेपणाचे धडे घ्यायचे?

हा राग रास्त आहे. विद्यापीठ हलवण्याची कृती चुकीची होती, असेच माझेही मत आहे. पण राग रास्त असला म्हणून मागणीही बरोबर असते असे नाही. अनुशेष चौरस फुटांत मोजला, की तो चौरस फुटांतच भरला जातो: बांधकाम होते, आकडा जुळतो आणि मागास भाग कागदावर पुढारतो. संभाजीनगरच्या विभागीय संकुलाच्या खात्यात कोट्यवधी होते. म्हणजे त्या वेळी तरी अडचण पैशाची नव्हती. पैसा खेळापर्यंत पोहोचण्याची होती. मराठवाड्याने मागायचेच असेल तर वेगळे मापक मागावे: दर लाख लोकसंख्येमागे दिव्याखाली, छपराखाली, प्रशिक्षकासह उपलब्ध असलेले खेळाचे तास. या मापाने पुण्याचे किती आणि पैठण तालुक्याचे किती, ते मोजा आणि फरकाचा पैसा दरवर्षी द्या. असे माप ठेवले तर पुण्यातली काही भव्य संकुलेही गरीब ठरतील, आणि एखादे गावातले छप्पर श्रीमंत.

शेवटचा आक्षेप व्यावहारिक: हे सगळे ठीक, पण सरकार इमारतीलाच पैसे देते, तर आम्ही काय करायचे? इमारतीचे पैसे घ्यावेत. पण बिडकीनचा असो की शहरातल्या एखाद्या जुन्या महाविद्यालयाचा, प्रस्ताव पाठवताना त्याला तीन कागद जोडावेत आणि ते जोडल्याशिवाय प्रशासकीय मान्यता देऊ नये, असा शासननिर्णय मागावा. पहिला, जुनी इमारत असेल तर तिचे स्ट्रक्चरल ऑडिट. दुसरा, आठवड्याचे वेळापत्रक: कोणत्या वारी, कोणत्या तासाला, कोणते संघ, त्यांत मुलींचे तास किती आणि कुलूप उघडणारा माणूस कोणत्या पदावर नेमलेला आहे. तिसरा, पुढच्या दहा वर्षांचा देखभाल-आराखडा, वर्षनिहाय. त्यात पाचव्या वर्षी कोर्ट रंगवण्याचा खर्च आणि आठव्या वर्षी दिवे बदलण्याचा खर्च दिसावा. आणि दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात पन्हळी साफ करणाऱ्या माणसाची मजुरी कोणत्या लेखाशीर्षातून निघणार, तेही त्या कागदावर लिहिलेले असावे.